पेनड्राइव्हवर लिनक्स बसवलं, पण बूट होत नाही: कुठे अडकतं आणि कसं सोडवायचं

इन्स्टॉलर शेवटपर्यंत जातो, कुठेही तक्रार करत नाही, आणि रीस्टार्ट केल्यावर एक तर सरळ विंडोज उघडतं, नाहीतर काळ्या पडद्यावर नुसतं ‘ग्रब>’ एवढंच दिसतं. मग बहुतेक जण पेनड्राइव्ह पुसून पुन्हा इन्स्टॉल करतात. पुन्हा तेच होतं. कारण लिनक्सच्या फाइल्स पेनड्राइव्हवर व्यवस्थित पोचलेल्या असतात, पण त्यांना सुरू करणारा बूटलोडर (ग्रब) लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर जाऊन बसलेला असतो. तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला की तिथे तर काहीच होत नाही.

इथे बोलतोय ते पेनड्राइव्हवर केलेल्या पूर्ण इन्स्टॉलेशनबद्दल. एचर किंवा रूफसने बनवलेला, इन्स्टॉल न करता लिनक्स चालवायचा लाइव्ह पेनड्राइव्ह ही वेगळी गोष्ट. तो आपल्याला दुरुस्तीचं साधन म्हणून लागेल. उदाहरणं उबंटू आणि लिनक्स मिंटची घेतली आहेत, कॉम्प्युटर ६४-बिट इंटेल किंवा एएमडीचा आणि यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेलं फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरचं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) असलेला धरला आहे. अ‍ॅपलच्या एम मालिकेतल्या चिपवर असा पेनड्राइव्ह चालत नाही, तिथे वेळ घालवू नका. आज्ञा आणि फाइल्सची नावं खाली देवनागरीत आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीतच टाकायची, आणि लिनक्समध्ये लहान-मोठ्या अक्षरांत फरक होतो हे लक्षात ठेवायचं.

## टप्पा १: काहीही बदलण्याआधीची तयारी

१. बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की हाताशी ठेवा. लॅपटॉपवर विंडोज असेल तर ही पहिली पायरी. ‘मी बिटलॉकर कधी लावलंच नाही’ यावर विसंबू नका. विंडोजच्या होम आवृत्तीतही डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप सुरू असू शकतं. सिक्युअर बूट (फक्त सही केलेलाच बूटलोडर चालू देणारी सोय) बंद केलं की विंडोज पुढच्या वेळी ४८ अंकी की मागू शकतं. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. कागदावर उतरवून घ्या. लॅपटॉपवरच फाइल करून ठेवली तर नेमक्या वेळी ती उघडणार नाही.

२. दुसरा, लाइव्ह पेनड्राइव्ह तयार ठेवा. शक्यतो ज्या आवृत्तीचं इन्स्टॉलेशन केलं तिचाच. आयएसओ फाइलचा एसएचए२५६ चेकसम (फाइल अखंड उतरली का हे दाखवणारा आकडा) जुळतो का ते आधी पाहा. अर्धवट उतरलेल्या आयएसओमुळे जे घोळ होतात ते शोधून सापडत नाहीत.

३. पेनड्राइव्ह खरा आहे का ते तपासा. स्वस्तात मिळणारे ‘१ टीबी’ पेनड्राइव्ह पुष्कळदा आतून खूपच लहान असतात. जागा संपली की ते नव्या फाइल्स जुन्यांवर लिहितात, आणि इन्स्टॉलर मात्र सगळं ठीक म्हणतो. लिनक्सवर एफ३ आणि विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू ही साधनं खरी क्षमता सांगतात. संशय असेल तर ही चाचणी इन्स्टॉलेशनच्या आधीच करा, कारण तिच्यासाठी पेनड्राइव्ह रिकामा असावा लागतो.

४. पडद्याचा फोटो काढा. जो काही संदेश येतो तो जशाच्या तसा हवा. ‘काहीतरी एरर आली’ यावरून काहीच ठरवता येत नाही.

## टप्पा २: नेमकं कुठे अडकतं?

बूट होणं ही एक साखळी आहे. आधी फर्मवेअर पेनड्राइव्ह ओळखतं, मग त्यावरचा बूटलोडर उचलतं, बूटलोडर कर्नल (लिनक्सचा गाभा) चढवतो, कर्नल रूट पार्टिशन (जिथे लिनक्सच्या फाइल्स आहेत ते) शोधतो आणि मग बाकीची यंत्रणा उभी राहते. कडी कुठली तुटली हे कळल्याशिवाय उपाय करायचा नाही.

- बूट मेनूत पेनड्राइव्हचं नावच येत नाही: टप्पा ३.
- नाव येतं, पण निवडल्यावर मेनूतच परत येतो किंवा विंडोज उघडतं: टप्पा ४ आणि ५.
- ‘सिक्युअर बूट व्हायोलेशन’ किंवा ‘एसबीएटी’ असा शब्द असलेला संदेश येतो: टप्पा ३ चा शेवट.
- ‘ग्रब>’ किंवा ‘ग्रब रेस्क्यू>’ येतं: टप्पा ४ आणि ५.
- ग्रबची यादी दिसते, पण पुढे काळा पडदा, ‘इनिटरामएफएस’ किंवा ‘इमर्जन्सी मोड’ येतो: टप्पा ७ (इमर्जन्सी मोडसाठी टप्पा ५ ची पायरी ५).

खात्रीची चाचणी: पेनड्राइव्ह काढून लॅपटॉप सुरू करा. आता ‘ग्रब>’ दिसलं, आणि पेनड्राइव्ह लावल्यावर लिनक्स चालू झालं, तर बूटलोडर आतल्या डिस्कवर गेला आहे. याला दुसरं कारण शोधायची गरज नाही.

## टप्पा ३: फर्मवेअरला पेनड्राइव्ह दिसत नाही

बूट मेनूची की कंपनीगणिक बदलते. डेल, लेनोव्हो आणि एसरवर बहुधा एफ१२. एसरवर ती बायोसमधून आधी चालू करावी लागते. एचपीवर एस्केप आणि मग एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप, एमएसआयवर एफ११. की दाबायला वेळच मिळत नसेल तर विंडोजमधून शिफ्ट दाबून धरा, रीस्टार्टवर क्लिक करा आणि येणाऱ्या निळ्या पडद्यावर ‘यूज अ डिव्हाइस’ निवडा.

तरीही नाव येत नसेल तर या क्रमाने जा:

१. हब काढा, पेनड्राइव्ह थेट पोर्टला लावा. जुन्या मशिनवर यूएसबी २ चा पोर्ट वापरून पाहा. काही जुन्या बायोसना बूटच्या वेळी यूएसबी ३ चे पोर्ट दिसत नाहीत.

२. बायोसमधलं ‘फास्ट बूट’ बंद करा. त्यामुळे सुरू होताना यूएसबीची तपासणी गाळली जाऊ शकते. विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ हे वेगळं. त्यात विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं. लिनक्समधून विंडोजच्या पार्टिशनला हात लावणार असाल तर तेही बंद करा.

३. यूएसबी बूट आणि बूटची पद्धत पाहा. इन्स्टॉलेशन यूईएफआय पद्धतीने केलं आणि बायोस लेगसीवर, म्हणजे जुन्या पद्धतीवर ठेवलं, किंवा उलट, तर पेनड्राइव्ह दिसूनही चालत नाही. घाईघाईने लेगसी चालू करू नका; त्याने विंडोज उघडायचंही थांबतं आणि मग दोन रोग एकाच वेळी होतात.

सिक्युअर बूटबद्दल: उबंटू, मिंट, फेडोरा आणि डेबियन १० पासून पुढचं डेबियन सिक्युअर बूट चालू असतानाही चालतं. ते आधीच बंद करून टाका हा सल्ला आता जुना झाला. काही नव्या लॅपटॉपवर मात्र बायोसमध्ये मायक्रोसॉफ्टचं थर्ड पार्टी प्रमाणपत्र स्वीकारण्याचा वेगळा पर्याय असतो, तो चालू करावा लागतो. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर जुन्या आवृत्त्यांचा बूटलोडर ‘एसबीएटी’ असा उल्लेख करून नाकारला जाऊ लागला. त्यावर उपाय नव्या आयएसओचा. तात्पुरतं काम भागवायचं तर सिक्युअर बूट बंद करून आत शिरा, सगळी अपडेट्स घ्या, पुन्हा चालू करा.

सावधान: बिटलॉकरची की हातात नसताना सिक्युअर बूटला हात लावायचा नाही.

## टप्पा ४: पेनड्राइव्हवर ईएफआय पार्टिशन आहे का?

आता मूळ दुखणं. यूईएफआय फर्मवेअर बूटलोडर शोधतं तो ईएफआय सिस्टिम पार्टिशनमध्ये. हे फॅट३२ स्वरूपाचं छोटं पार्टिशन असतं. आतल्या डिस्कचा बूटलोडर कुठे आहे याची नोंद मदरबोर्डच्या स्मृतीत असते. पेनड्राइव्ह एका मशिनवरून दुसऱ्यावर जातो, तिथे अशी नोंद नसते. म्हणून फर्मवेअर त्याच्यावर एकच ठरावीक जागा पाहतं: ईएफआय फोल्डर, त्यात बूट फोल्डर, त्यात बूटएक्स६४.ईएफआय ही फाइल. ती तिथे नसेल तर पेनड्राइव्हवर अख्खं लिनक्स असूनही त्या मशिनच्या लेखी तो रिकामाच.

उबंटू २२.०४ आणि मिंटमध्ये वापरलेल्या युबिक्विटी इन्स्टॉलरमध्ये एक जुनी चूक आहे, ती २०१४ पासून नोंदलेली आहे. बूटलोडरसाठी तुम्ही यादीतून पेनड्राइव्ह निवडलात तरी तो समोर येणारं पहिलं ईएफआय पार्टिशन वापरतो. ते बहुधा आतल्या डिस्कवरचं असतं. म्हणजे तुमची निवड बरोबर असूनही निकाल चुकीचा.

लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करा. बूट मेनूत त्याचं नाव दोनदा दिसत असेल तर ‘यूईएफआय’ लिहिलेलं निवडा. मग:

१. फाइल मॅनेजरमध्ये /एसवायएस/फर्मवेअर/ईएफआय हे फोल्डर आहे का पाहा. नसेल तर तुम्ही लेगसी पद्धतीत आहात. पुन्हा सुरू करा.

२. जीपार्टेड उघडा. उजवीकडच्या वरच्या यादीतून पेनड्राइव्ह निवडा. आकार आणि मॉडेल दोन्ही जुळवून पाहा.

३. त्यावर ‘बूट’ आणि ‘ईएसपी’ फ्लॅग असलेलं फॅट३२ पार्टिशन शोधा. संपूर्ण पेनड्राइव्ह पुसून इन्स्टॉल केलं असेल तर ते बहुधा असतं, फक्त रिकामं. मग टप्पा ५ वर जा.

४. नसेल तर रूट पार्टिशन शेवटच्या बाजूने ५१२ एमबीने लहान करा, मोकळ्या जागेत फॅट३२ पार्टिशन बनवा, बदल लागू करा आणि मग त्याला ‘बूट’ व ‘ईएसपी’ फ्लॅग द्या. ते डिस्कच्या शेवटी असलं तरी चालतं.

तपासणी: पेनड्राइव्ह आणि आतली डिस्क यांची नावं आता कागदावर लिहा. खाली पेनड्राइव्हला एसडीबी धरलं आहे, त्यातलं पहिलं पार्टिशन ईएफआय आणि दुसरं रूट. तुमच्याकडे ते एसडीए किंवा एसडीसी असू शकतं, आणि ईएफआय पार्टिशन शेवटी बनवलं असेल तर क्रमांकही वेगळे असतील. प्रत्येक वेळी सुरू केल्यावर हे नाव बदलू शकतं, त्यामुळे कालचं नाव आज वापरायचं नाही.

## टप्पा ५: बूटलोडर पेनड्राइव्हवर बसवा

टर्मिनल उघडा. प्रत्येक आज्ञेपुढे सुडो लागेल.

१. रूट पार्टिशन जोडा: माउंट /डेव्ह/एसडीबी२ /एमएनटी. आत होम, ईटीसी, यूएसआर ही फोल्डरं दिसली पाहिजेत.

२. ईएफआय पार्टिशन जोडा: माउंट /डेव्ह/एसडीबी१ /एमएनटी/बूट/ईएफआय. फोल्डर नसेल तर आधी बनवा.

३. डेव्ह, प्रॉक, एसवायएस आणि रन ही चारही फोल्डरं एकेक करून ‘माउंट --बाइंड’ने /एमएनटी मधल्या त्याच नावाच्या फोल्डरांना जोडा.

४. सीएचरूट /एमएनटी. आता तुम्ही पेनड्राइव्हवरच्या लिनक्सच्या आत आहात.

५. एफएसटॅब दुरुस्त करा. ही पायरी जवळजवळ प्रत्येकाकडून राहते. /ईटीसी/एफएसटॅब (सुरू होताना कुठली पार्टिशनं जोडायची याची यादी) उघडा आणि /बूट/ईएफआय ची ओळ पाहा. तिथे आतल्या डिस्कच्या पार्टिशनचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक असतो. बीएलकेआयडी या आज्ञेने एसडीबी१ चा यूयूआयडी घ्या. फॅट३२ चा असल्यामुळे तो छोटा असतो, चार अक्षरं, आडवी रेघ, पुन्हा चार अक्षरं. तो जुन्याच्या जागी लिहा. ओळच नसेल तर घाला. हे न केल्यास दोन त्रास होतात. दुसऱ्या कॉम्प्युटरवर ते पार्टिशन सापडत नाही आणि लिनक्स इमर्जन्सी मोडमध्ये जातं. शिवाय पुढच्या ग्रब अपडेटच्या वेळी बूटलोडर पुन्हा आतल्या डिस्कवर लिहिला जातो आणि तुमची सगळी मेहनत वाया जाते.

६. त्याच फाइलमध्ये स्वॅपची (रॅम अपुरी पडली की वापरायच्या जागेची) ओळ आतल्या डिस्ककडे बोट दाखवत असेल तर तिच्या सुरुवातीला # घाला.

७. ग्रब दोनदा बसवा. पहिल्यांदा: ग्रब-इन्स्टॉल --टार्गेट=एक्स८६_६४-ईएफआय --ईएफआय-डिरेक्टरी=/बूट/ईएफआय --नो-एनव्हीरॅम. दुसऱ्यांदा तीच आज्ञा, पण शेवटच्या पर्यायाऐवजी --रिमूव्हेबल. पहिलीने उबंटू नावाचं फोल्डर तयार होतं, मिंटवरही त्याचं नाव उबंटूच राहतं. दुसरीने टप्पा ४ मध्ये सांगितलेल्या ठरावीक जागी फाइल पडते. सिक्युअर बूटसाठी सही केलेला ग्रब आपली मांडणी उबंटू फोल्डरातल्या ग्रब.सीएफजी मध्ये शोधतो, म्हणून दोन्ही फोल्डरं हवीत.

८. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब मध्ये ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=ट्रू ही ओळ ठेवा, नाहीतर घरच्या लॅपटॉपचं विंडोज पेनड्राइव्हच्या यादीत शिरतं आणि दुसरीकडे गेल्यावर ती नोंद निव्वळ अडगळ होते. मग अपडेट-ग्रब चालवा.

एक्स८६_६४-ईएफआय फोल्डर सापडत नाही अशी तक्रार आली तर मूळ इन्स्टॉलेशन लेगसी पद्धतीत झालं असण्याची शक्यता आहे. इंटरनेट जोडा, ग्रब-ईएफआय-एएमडी६४-साइन्ड आणि शिम-साइन्ड ही पॅकेजं एपीटीने घ्या आणि पायरी ७ पासून पुन्हा सुरुवात करा.

तपासणी: /बूट/ईएफआय/ईएफआय मध्ये बूट आणि उबंटू अशी दोन फोल्डरं हवीत. बूटमध्ये बूटएक्स६४.ईएफआय आणि ग्रबएक्स६४.ईएफआय, उबंटूमध्ये ग्रब.सीएफजी. शेवटची फाइल जेमतेम तीन ओळींची असते. तिच्यातला यूयूआयडी पेनड्राइव्हच्या रूट पार्टिशनचाच आहे ना, ते जुळवून पाहा.

आज्ञांची धास्ती वाटत असेल तर बूट-रिपेअर हे चित्रमय साधन आहे. पण त्याचं ‘रेकमेंडेड रिपेअर’ बटण डोळे मिटून दाबू नका. प्रगत पर्यायांत ईएफआय पार्टिशन म्हणून पेनड्राइव्हवरचंच निवडलं आहे याची खात्री करा, नाहीतर मशिन तुमची जुनीच चूक पुन्हा करून देईल.

## टप्पा ६: आतल्या डिस्कवरचा पसारा आवरा

पेनड्राइव्ह काढल्यावर ‘ग्रब>’ येत असेल तर बायोसच्या बूट क्रमात ‘विंडोज बूट मॅनेजर’ सर्वात वर आणा. बहुतेकांना एवढं पुरतं. जुनी नोंद काढायची असेल तर लाइव्ह सत्रातून ईएफआयबूटएमजीआर चालवा, ‘उबंटू’पुढचा चार अंकी क्रमांक पाहा आणि -बी क्रमांक -बी अशा रूपात ती काढा; पहिलं बी लहान अक्षरातलं, दुसरं मोठ्या.

सावधान: आतल्या ईएफआय पार्टिशनमधलं मायक्रोसॉफ्ट फोल्डर कुठल्याही परिस्थितीत काढायचं नाही. उबंटू फोल्डरही तेव्हाच काढा, जेव्हा आतल्या डिस्कवर उबंटू किंवा मिंट नाही. असेल, तर त्याच्याच ग्रब.सीएफजी वर पेनड्राइव्हचा पत्ता लिहिला गेला आहे. त्या लिनक्समध्ये जाऊन तिथून ग्रब-इन्स्टॉल करा.

## टप्पा ७: ग्रब येतो, पुढे अडकतं

काळा पडदा. एनव्हिडिया कार्ड असलेल्या मशिनवर हे जास्त होतं. ग्रबच्या यादीत ई दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट लिहा, एफ१० दाबा. हा बदल एकदाच लागू होतो. पेनड्राइव्ह अनेक मशिनवर फिरवणार असाल तर तो कायमचा करू नका, सगळीकडेच ग्राफिक्स मंद होतील.

इनिटरामएफएस आणि ‘यूयूआयडी डझ नॉट एक्झिस्ट’. इनिटरामएफएस म्हणजे रूट पार्टिशन सापडेपर्यंत चालणारी छोटी तात्पुरती यंत्रणा. दहा सेकंद थांबा आणि बीएलकेआयडी टाका. आता पेनड्राइव्ह दिसला, तर तो फक्त उशिरा जागा होतो आहे. नोमोडसेटप्रमाणेच त्या ओळीत रूटडिले=१० घाला; उपयोग झाला तर /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब मध्ये कायमचं लिहा. दिसलाच नाही तर पोर्ट बदला. आर्चवाल्यांनी एमकेइनिटसीपीआयओ मध्ये ब्लॉक आणि कीबोर्ड हे हुक ऑटोडिटेक्टच्या आधी ठेवायचे, फेडोरावाल्यांनी ड्रॅकट नो-होस्टओन्ली पर्यायाने चालवायचं. या दोन्हींचा मूळ इनिटरामएफएस ज्या मशिनवर बनला त्याच्यापुरताच ड्रायव्हर ठेवतो.

दीड मिनिट थांबतं आणि मग चालू होतं. ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ असं लिहून १ मिनिट ३० सेकंदांची उलटी मोजणी दिसते. एफएसटॅबमधली एखादी ओळ या मशिनवर नसलेलं पार्टिशन मागते आहे, बहुधा स्वॅप. टप्पा ५ ची पायरी ६ पाहा. त्याहून आधीच अर्धा मिनिट जात असेल तर /ईटीसी/इनिटरामएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/रिझ्युम या फाइलमध्ये रिझ्युम=नन लिहा (दोन्ही शब्दांतला पहिला मोठ्या अक्षरांत) आणि अपडेट-इनिटरामएफएस -यू चालवा.

प्रत्येक वेळी वेगळ्याच जागी अडकतं. डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी आज्ञा) चालवून पाहा. आय/ओ एरर किंवा यूएसबी रीसेटच्या ओळींची रांग लागली असेल तर सेटिंग्जशी खेळत बसू नका. पेनड्राइव्ह बदला.

## टप्पा ८: दुसऱ्या मशिनवर चाचणी

ज्या लॅपटॉपवर इन्स्टॉल केलं त्यावर चालणं हा पुरावा नाही, कारण तिथे आतल्या डिस्कचा जुना बूटलोडर अजून मदत करत असू शकतो. शक्यतो वेगळ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर लावा. पहिल्यांदा क्षणभर निळा पडदा येऊन मशिन पुन्हा सुरू होऊ शकतं. तो फॉलबॅक प्रोग्राम आपली नोंद करतो, घाबरू नका. नंतर पहिलं मोठं अपडेट झालं की टप्पा ५ ची शेवटची तपासणी आणखी एकदा करा.

## पुन्हा इन्स्टॉल करायचंच असेल तर

इन्स्टॉलर उघडण्याआधी जीपार्टेडमध्ये जाऊन आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनवरचे ‘बूट’ आणि ‘ईएसपी’ हे फ्लॅग काढा, त्यांची आधीची स्थिती फोटोत टिपून ठेवा. मग इन्स्टॉलरला वापरायला पेनड्राइव्हवरचंच ईएफआय पार्टिशन उरतं. इन्स्टॉलेशन संपलं की रीस्टार्ट करण्याआधी, त्याच लाइव्ह सत्रात, ते फ्लॅग परत लावा. डेस्कटॉप असेल तर याहून सोपं: कॉम्प्युटर बंद करा, आतल्या डिस्कची केबल काढा, आणि काम झाल्यावर परत लावा.